इन्व्हर्टरची लाइन आणि सावित्रीचे पाणी

घाटमाथ्यावर मुळशीला धरण बांधायचे, ते पाणी कोकणात उतरवायचे आणि पायथ्याशी भिऱ्याच्या वीजघरात त्यापासून वीज करायची, ही टाटांची योजना १९२७ साली पुरी झाली. त्याआधी १९१५ साली खोपोलीचे आणि १९२२ साली भिवपुरीचे वीजघर सुरू झाले होते. तिन्ही ठिकाणे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातली. तिन्हींची वीज मात्र मनोऱ्यांवरच्या तारांतून थेट मुंबईला, तिथल्या गिरण्यांना आणि कारखान्यांना जात होती. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात धरणाविरुद्ध लढा दिला आणि तरीही जमीन गेली. घाटावरच्यांची जमीन बुडाली, घाटाखालून तारा गेल्या आणि उजेड पडला तो समुद्राकाठच्या महानगरात. त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सावित्रीच्या खोऱ्यात, महाड आणि पोलादपूरच्या वाड्यांमधली रात्र पुढे कित्येक दशके रॉकेलच्या कंदिलावरच निघत राहिली. या खोऱ्याच्या विजेचा इतिहास सांगायचा तर इथूनच सुरुवात करावी लागते. वीज आपल्या जिल्ह्यात होते म्हणून ती आपल्या घरात असते असे नाही, हा धडा इथल्या माणसाने दिवा लागण्याच्या आधीच घेतलेला होता.

आज याच खोऱ्यात, महाडच्या बाजारपेठेत असो की पोलादपूरच्या एखाद्या वाडीत, जिन्याखाली किंवा पडवीत इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी दिसते. दुकानदार आता एक पाऊल पुढचे आश्वासन देतात: पूर्ण घर बॅटरीवर, तेही आपोआप, लाइट गेलेली कळणारसुद्धा नाही. हे आश्वासन तपासून पाहावे असे मला वाटते आणि ते तपासायला या खोऱ्याचा अंधाराचा इतिहासच उपयोगी पडतो. आपण मराठीत सरसकट ‘लाइट गेली’ म्हणतो. या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक अंधार टंचाईचा: वीजच कमी आहे म्हणून वेळापत्रकाने बंद केली. दुसरा मोडतोडीचा: वारा आला, फांदी पडली, तार तुटली. तिसरा खबरदारीचा: पाणी चढते आहे, माणूस मरू नये म्हणून कोणीतरी जाणूनबुजून वीज तोडली. माझे म्हणणे असे, की घरगुती इन्व्हर्टर पहिल्या अंधारासाठी वाढला, दुसऱ्या अंधारात त्याची खरी परीक्षा होते आणि तिसऱ्या अंधाराचा विचार त्याच्या वायरिंगमध्ये झालेलाच नाही. महाड-पोलादपूरला मात्र सर्वांत जास्त गरज या तिसऱ्याच विचाराची आहे.

विजेच्या आधीच्या उजेडाकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. देवापुढची समई, चुलीजवळची चिमणी, ओटीवरचा कंदील, लग्नाकार्याला आणलेली गॅसबत्ती, हे सगळे दिवे एकमेकांपासून सुटे होते. एक विझला म्हणून दुसरा विझत नसे. प्रत्येक दिवा कोणीतरी हाताने लावलेला असे आणि हातानेच मालवलेला. किती तेल उरले आहे, ते कशावर घालवायचे, हा हिशेब घरातल्या बाईच्या डोक्यात रोज चालू असे. गोठ्यात जायचे तर कंदील उचलून न्यायचा, निजायच्या वेळी वात खाली करायची. त्या उजेडात कष्ट होते, धूर होता, डोळ्यांना त्रास होता. त्याचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. पण त्या व्यवस्थेत गरजेची क्रमवारी पक्की होती आणि दिवा विझवण्याचा अधिकार नेहमी घरातच होता. पुढे तारेतून वीज आली तेव्हा या दोन्ही गोष्टी घराबाहेर गेल्या.

महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि पुढच्या दशकांत लाइन गावोगावी पोचू लागली. गाव विजेखाली आले असे केव्हा म्हणायचे, याची सरकारी व्याख्या फार काळ अगदी सैल होती. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की गाव विद्युतीकृत ठरे. २००४ साली व्याख्या बदलली: वस्तीत आणि दलित वस्तीतही रोहित्र व लाइन हवी, शाळा-पंचायतीसारख्या जागी वीज हवी आणि निदान १० टक्के घरांत जोडणी हवी. पोलादपूरसारख्या तालुक्यात, जिथे एका महसुली गावाच्या वाड्या वेगवेगळ्या उतारांवर विखुरलेल्या असतात, तिथे या दोन व्याख्यांमधले अंतर एका डोंगराएवढे असू शकते. आणि दोन्ही व्याख्यांत तारेची मोजणी आहे, तासांची नाही. वीज पोचली की नाही ते त्यात कळते. ती किती वेळ टिकते ते कळत नाही. घरातले वायरिंगही याच समजुतीने झाले. लाकडी पट्टीवर ठोकलेली वायर, चिनी मातीचा कटाऊट, एक मेन स्विच आणि त्यातून घरभर गेलेली एकच लाइन. पुढे पट्टीच्या जागी पाइप आला, कटाऊटच्या जागी एमसीबी आली, पण मूळ आराखडा तोच राहिला. वीज एक तर सगळ्या घराला असेल, नाही तर कुठेच नसेल. देवघरातला दिवा आणि पाण्याचा पंप यांत त्या वायरिंगने कधी भेद केला नाही.

तो भेद करायला लावला टंचाईने. गुहागर तालुक्यातला दाभोळचा वीज प्रकल्प २००१ साली बंद पडला. राज्याची मागणी वाढत गेली आणि त्या मानाने निर्मिती वाढली नाही. ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषण या कंपन्या झाल्या. त्यानंतरची काही वर्षे महाराष्ट्राने भारनियमनात काढली. ज्या भागात गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे अंधाराचे तास जास्त, असे गट पाडले गेले. २०१२ च्या अखेरीस बहुतांश राज्य यातून बाहेर आले. इन्व्हर्टर घराघरांत शिरला तो मुख्यतः याच काळात. त्यातली यंत्रविद्या जुनी होती. शिशाच्या पत्र्यांची आणि आम्लाची, पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते याने १८५९ साली केली होती. इन्व्हर्टर हे नाव अमेरिकेतल्या डेव्हिड प्रिन्स या इंजिनिअरच्या १९२५ सालच्या लेखाने रूढ केले. उलटसुलट वाहणारा एसी प्रवाह सरळ करून डीसी करणारे यंत्र आधीपासून होतेच. त्याच्या उलट काम करणारे, म्हणजे डीसीचा पुन्हा एसी करणारे, ते इन्व्हर्टर. कोकणातल्या खेड्याला बॅटरी नवी नव्हती, ती एसटीत आणि ट्रकमध्ये रोज दिसत होती. रायगडातच तळोज्याला बॅटऱ्यांचा मोठा कारखाना आहे. नवी गोष्ट एवढीच होती, की जी बॅटरी गाडी सुरू करत होती ती आता पंखा फिरवू लागली.

इथे वायरमनचे कौशल्य कामाला आले. जुन्या एकलाइनी घरात इन्व्हर्टर बसवायचा म्हणजे घराची दोन भागांत वाटणी करायची. मेन लाइनचा फेज इन्व्हर्टरला द्यायचा आणि इन्व्हर्टरमधून बाहेर पडणारा वेगळा फेज खोल्याखोल्यांच्या बोर्डांत फिरवायचा. त्यावर एक दिवा, एक पंखा आणि हॉलमधला एखादा पॉइंट चढवायचा. गीझर, पंप, इस्त्री, मिक्सर यांचा फेज जुन्याच लाइनवर ठेवायचा. न्यूट्रल बहुतेक घरांत दोन्हींना एकच राहतो. वीज असते तेव्हा इन्व्हर्टर ती तशीच पुढे जाऊ देतो आणि सोबत बॅटरी भरतो. वीज गेली की आतला रिले पलटतो आणि सेकंदाच्या एका लहानशा अंशात घराचा तो भाग बॅटरीवर जातो. गणित सोपे आहे. १२ व्होल्टच्या, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात. यंत्रातली तूट आणि बॅटरी पार निचरू न देण्याची काळजी धरली तर हाती सुमारे १,२०० येतात. ७५ वॉटचे दोन जुने पंखे, ९ वॉटचे चार एलईडी दिवे आणि किरकोळ काही धरून २०० वॉट झाले, तर सहा तास निघतात. तीच बॅटरी २,००० वॉटच्या गीझरला लावली तर, मुळात यंत्राला ते पेलले तरच, अर्ध्या तासात संपते. म्हणून या वाटणीला मी तडजोड म्हणणार नाही. समई आणि गॅसबत्ती यांतला जो भेद पूर्वी घरातली बाई करत होती, तो वायरमनने तांब्याच्या तारेत पुन्हा उतरवला.

पूर्ण घर बॅटरीवर नेण्याची कल्पना हा भेद पुसून टाकते. मोठा इन्व्हर्टर, एका बॅटरीऐवजी चार बॅटऱ्यांची ४८ व्होल्टची माळ, मीटर आणि घरची वितरण पेटी म्हणजे डीबी यांच्यामध्ये बसवलेले यंत्र. त्यामुळे घरातला प्रत्येक पॉइंट चालू राहतो. भारनियमनाच्या ठरलेल्या तीन-चार तासांसाठी हे सोयीचेच होते, कारण लाइट किती वाजता येणार ते वर्तमानपत्रात छापून येई. मोडतोडीच्या अंधाराला असे वेळापत्रक नसते. पोलादपूरचा भूगोलच पाहावा. एका बाजूला महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट, दुसऱ्या बाजूला खेडकडे जाणारा कशेडी, मध्ये सावित्रीचे खोरे आणि उतारांवर झाडीतून ओढलेल्या अकरा केव्हीच्या तारा. पावसाळ्यात फांदी टेकली की खांबावरचा डीओ फ्यूज उडतो, दरड सरकली की खांबच जातो आणि दुरुस्तीला जाणारा रस्ताही त्याच दरडीखाली असतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात विजेचे हजारो खांब आडवे झाले आणि किनाऱ्याकडच्या कित्येक गावांत लाइट यायला आठवडे लागले. अशा वेळी आपोआप सगळे घर चालू ठेवणारे यंत्र बॅटरीला पहिला दिवसही पुरता टिकू देत नाही. घरच्यांना लाइट गेल्याचे कळलेलेच नसते, म्हणून फ्रिज चालतो, टीव्ही चालतो, आणि कळते तेव्हा बॅटरी बसत आलेली असते. याउलट आधीच्या त्या एकाच बॅटरीवर दोन दिवे आणि मोबाइलचे चार्जर मिळून ३० वॉट ठेवले, इन्व्हर्टर स्वतः खातो ते २० वॉट धरले, तरी चोवीस तास निघतात. दिवा आणि चार्जर थेट १२ व्होल्टवर चालणारे घेतले तर ते २० वॉटही वाचतात. जुलै २०२१ च्या पुरात वीज आणि फोन दोन्ही बंद पडल्यावर या खोऱ्यातल्या गावांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला होता. फोन जिवंत ठेवण्याचे मोल तेव्हापासून इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

पोलादपूरच्या घरांची आणखी एक बाजू आहे. इथली कित्येक कुटुंबे मुंबईला नोकरीला. चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतो, बाकी वर्षभर घराला कुलूप असते किंवा घरात म्हातारी माणसे असतात. शिशाची बॅटरी वापरात राहिली आणि भरत राहिली तरच जगते. महिनोन्‌महिने अर्धवट भरलेली पडून राहिली की पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात, डिस्टिल्ड पाणी आटते आणि गणपतीच्या पहिल्या रात्री ती दगा देते. म्हणून बंद राहणाऱ्या घरात चार बॅटऱ्यांची माळ हा पैसा वाया घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. आणि जिथे म्हातारी माणसेच मागे राहतात, तिथे मोठे यंत्र सांभाळायचे कोणी हा प्रश्न उरतोच. पाणी घालणे, टोके घासणे, बॅटरी भरताना निघणाऱ्या हायड्रोजनसाठी खिडकी उघडी ठेवणे, ही कामे यंत्र आपोआप करत नाही.

आता तिसरा अंधार. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपुरातून महाडला येते, तिथे गांधारी आणि काळ या नद्यांचे पाणी मिळते आणि पुढे बाणकोटच्या खाडीने समुद्र गाठते. वर घाटात कोसळणारा पाऊस आणि खालून खाडीत चढणारी भरती यांच्या मध्ये महाड आहे. भरतीच्या वेळी पाण्याला वाट मिळत नाही आणि ते शहरात पसरते. जुलै २००५ मध्ये पूर आला आणि त्याच दिवसांत दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या महाड तालुक्यातल्या गावांवर दरडी कोसळल्या. वीज मंडळाचे विभाजन होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला अतिवृष्टी झाली, महाडच्या बाजारपेठेतले तळमजले पाण्याखाली गेले, त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला आणि ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी कोसळल्या. अशा दिवशी पाणी रोहित्राच्या डीपीपर्यंत आणि घरांच्या मीटरपर्यंत चढू लागले की वीजपुरवठा बंद करावा लागतो. तो अंधार कोणाच्या निष्काळजीपणातून येत नाही. पाण्यात उभ्या माणसाला वीज लागू नये म्हणून घेतलेला तो निर्णय असतो आणि वीजव्यवस्थेच्या साऱ्या इतिहासात माणसांच्या बाजूने घेतलेल्या निर्णयांत त्याची गणना व्हायला हवी.

आपोआप पलटणाऱ्या रिलेला हा निर्णय वाचता येत नाही. त्याला फक्त एवढे कळते, की येणारी वीज थांबली. बाहेर जी वीज माणसे वाचवण्यासाठी तोडली, तीच घरात तो सेकंदाच्या आत पुन्हा चालू करतो. यंत्र तळमजल्यावर असेल तर ते पाण्यात बुडून लवकरच गप्प होते, बॅटरीत घाण पाणी शिरते, आम्ल बाहेर येते आणि सगळा खर्च चिखलात जातो. २०२१ च्या अनुभवावरून कोणीही शहाणा माणूस म्हणेल, इन्व्हर्टर माडीवर ठेवा. तो सल्ला बरोबर आहे आणि नेमका तिथेच धोका वाढतो. माडीवरचे यंत्र कोरडे, ठणठणीत राहते आणि पाण्याखाली गेलेल्या तळमजल्याच्या प्रत्येक सॉकेटमध्ये २३० व्होल्ट सोडत राहते. बॅटरीचे १२ किंवा ४८ व्होल्ट सहसा माणसाला मारत नाहीत, पण इन्व्हर्टरमधून बाहेर पडणारी वीज मेन लाइनइतकीच जीवघेणी असते. दुकानातला माल माडीवर चढवायला, म्हातारीचा हात धरून तिला वर न्यायला माणूस कमरेएवढ्या पाण्यात उतरतो तेव्हा त्याची समजूत अशी असते, की लाइट तर कधीच गेली आहे.

यावर जाणकार वायरमन म्हणेल, की त्यासाठी आरसीसीबी असते. गळती ३० मिलिअँपिअरच्या वर गेली की ती वीज तोडते, मग भीती कशाची? आक्षेप रास्त आहे आणि आरसीसीबी प्रत्येक घरात असलीच पाहिजे. पण दोन गोष्टी पाहाव्या लागतात. कित्येक घरांत ती मीटरपाशी, म्हणजे इन्व्हर्टरच्या अलीकडे बसवलेली असते. घर बॅटरीवर गेले की पलीकडच्या लाइनवर तिचे लक्षच राहत नाही. ती इन्व्हर्टरच्या पलीकडे बसवली तरी तिचे काम एका धाग्यावर अवलंबून असते. गळालेला प्रवाह जमिनीतून परत यायला वाट लागते आणि आपल्याकडे ती वाट डीपीजवळच्या अर्थिंगमधून, न्यूट्रलच्या तारेने घरापर्यंत येते. पुरात आणि वादळात खांब पडतो, सर्व्हिस वायर तुटते आणि न्यूट्रलही तुटतो. तेव्हा ही वाटच उरत नाही आणि ज्या दिवशी आरसीसीबीची गरज सर्वांत जास्त, त्याच दिवशी ती आंधळी होण्याचा संभव असतो. त्यातच दोन लाइनींचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले की आरसीसीबी विनाकारण पडते, आणि असे वारंवार होऊ लागले की ती काढून टाकण्याचा सोपा उपाय कोणीतरी करतो. म्हणून आरसीसीबी ही रक्षणाची शेवटची फळी मानावी. पहिली फळी म्हणजे हाताने तोडता येणारा स्विच.

खबरदारीच्या अंधाराला घराबाहेरचीही एक बाजू आहे. लाइनवर चढणारा महावितरणचा वायरमन आधी शटडाउन घेतो, म्हणजे तार मेलेली आहे या विश्वासावर तो वर जातो. एखाद्या घरात इन्व्हर्टरचा किंवा जनरेटरचा फेज चुकून मेन लाइनच्या फेजला जोडला गेला असेल, तर घरातले २३० व्होल्ट उलट्या दिशेने डीपीत शिरतात आणि तिथे चढून अकरा हजारांच्या घरात जाऊ शकतात. म्हणूनच दोन्हीकडची वीज कधीही एकत्र येणार नाही अशी चेंजओव्हरची व्यवस्था ही सक्तीची गोष्ट आहे. छतावरच्या सौर यंत्रणेने हा धडा मुळापासून स्वीकारलेला आहे. लाइनला जोडलेला सौर इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःच बंद पडतो. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, पण बॅटरी नसेल तर भर उन्हात लाइट गेल्यावर छतावर वीज असूनही घरात अंधार का, हे अनेकांना कळत नाही. त्याचे उत्तर तारेवर चढलेल्या त्या माणसात आहे. बाहेरच्या तारेसाठी जे तत्त्व आपण मान्य केले, ते घरातल्या तळमजल्यासाठी मान्य करायला अडचण कोणती?

मला सर्वांत गंभीर वाटणारा आक्षेप तांत्रिक नाही. तो असा: शहरातल्या श्रीमंत सोसायटीत जनरेटरवर लिफ्टसुद्धा चालते, मग महाड-पोलादपूरच्या माणसानेच दोन दिव्यांवर आणि एका पंख्यावर का भागवावे? भिऱ्यापासून जी अन्यायाची रेघ ओढली गेली, तीच हा सल्ला पुढे ओढत नाही का? मी याचे उत्तर असे देईन. वीज चोवीस तास मिळावी हा ग्राहकाचा हक्क २०२० च्या केंद्रीय नियमांत लिहिलेला आहे आणि तो मागायचा तो वीज देणाऱ्याकडे: मजबूत खांब, जिथे शक्य तिथे भूमिगत तारा, पुराच्या रेषेवर चढवलेल्या डीपी आणि मीटर. बॅटरी त्या मागणीची जागा घेऊ शकत नाही. जो आपल्या पैशाने पूर्ण घराची वीज विकत घेऊ शकतो तो मागणी करणाऱ्यांच्या रांगेतून बाहेर पडतो आणि वाडीतले बाकीचे मागे उरतात. शिवाय पूर्ण घर चालवण्याला माझा विरोधच नाही. ज्याला परवडते त्याने चार बॅटऱ्या ठेवाव्यात, फ्रिजमध्ये इन्सुलिन असेल किंवा घरात प्राणवायूचे यंत्र चालू असेल तर ठेवल्याच पाहिजेत आणि तिथे आपोआप पलटणारा रिले जीव वाचवतो. मागणी एवढीच आहे, की घर अखंड असले तरी लाइन अखंड नसावी.

पूर काही रोज येत नाही, मग त्यासाठी रोजची सोय का मोडायची, असेही कोणी विचारेल. पण सोय मोडतच नाही. घराच्या वायरिंगचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे असते. एवढ्या काळात महाडला मोठे पाणी येईल असे म्हणायला २००५ आणि २०२१ यांमधल्या सोळा वर्षांचा दाखला पुरेसा आहे. खर्चही थोडा आहे. करायचे ते एवढेच: इन्व्हर्टर आणि बॅटरी पुराच्या रेषेच्या वर, हवेशीर जागी. त्यातून निघणारी लाइन पहिल्याच ठिकाणी दोन भागांत: माडीची एक, तळमजल्याची एक. प्रत्येकीची स्वतंत्र एमसीबी आणि स्वतंत्र न्यूट्रल, आरसीसीबी इन्व्हर्टरच्या पलीकडे, अर्थिंग दोन्हींना अखंड. तळमजल्याची एमसीबी वर, कोरड्या जागेत, म्हाताऱ्या माणसाचाही हात पोचेल अशी आणि तिच्यावर मराठीत ठळक नाव. पाणी उंबऱ्याला लागले की आधी ती पाडायची, मग माल उचलायचा. पोलादपूरच्या डोंगरउतारावरच्या घरात पुराऐवजी दरडीचा विचार करायचा. तिथे घर रिकामे करायची वेळ आली तर उचलून नेता येईल असा चार्ज केलेला दिवा दारापाशी असणे हे पूर्ण घराच्या बॅटरीपेक्षा जास्त कामाचे.

हा सगळा इतिहास एकत्र पाहिला तर यंत्राच्या बाजूने काय उरते आणि माणसाच्या बाजूने काय, ते स्पष्ट होते. अभ्यास करणाऱ्या मुलाचा दिवा विझू नये, आजाऱ्याच्या उशाचा पंखा थांबू नये, हे काम रिलेने आपोआप करावे. त्यात माणसाचा हात हवा असा आग्रह धरण्यात काही अर्थ नाही. पण वीज तोडणे हे वेगळ्या जातीचे काम आहे. पाणी कुठवर आले, खाली कोण अडकले आहे, डोंगराचा आवाज कसा येतो आहे, हे रिलेला ठाऊक नसते. कंदिलाच्या काळी वात खाली करणारा हात घरातलाच होता. तारेने तो अधिकार डीपीवर आणि उपकेंद्रात नेला. बॅटरी घरात आली त्याबरोबर तो पुन्हा घरी येऊ शकतो, मात्र वायरमनने वायरिंग करतानाच त्याला जागा ठेवली तर. सावित्रीकाठच्या घरात ती जागा माडीवरच्या भिंतीत, जिना संपतो तिथे असावी.